'किती चाललीये?' हा प्रश्न जरा मागे ठेवा

गेले दोन महिने घरात एकच विषय चाललाय, जुनी गाडी घ्यायची का नाही. आणि जुनी म्हणजे तीन-चार वर्षांची नाही हं, तशी घ्यायला आमचं बजेट पुरत नव्हतं, मी बोलतोय बारा-चौदा वर्षांच्या गाडीबद्दल, जिच्याबद्दल विचारलं की निम्मे लोक म्हणतात डोळे झाकून घे, स्वस्त आहे, आणि उरलेले म्हणतात वेडा झालास का. या दोन्ही बाजूंशी माझं पटत नाही, म्हणून हे लिहितोय. खूप जण याच पेचात असतात आणि सगळ्यांना पहिला सल्ला एकच मिळतो, मीटर बघ, कमी चाललेली घे.

माझं स्पष्ट मत आहे की दहा वर्षांच्या पुढच्या गाडीत मीटरला आपण जेवढं महत्त्व देतो तेवढी त्याची लायकी नाही. हे मत काही हवेतून आलेलं नाही. माझ्या चुलत भावाने सहा वर्षांपूर्वी अकरा वर्षांची गाडी घेतली, मीटरवर 45,000 किलोमीटर, आतून-बाहेरून चकाचक, सगळे म्हणाले लॉटरी लागली. चौथ्या महिन्यात चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं ते पडलंच. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, तुटला होता. बेल्ट रबराचा असतो, कंपनी तो बदलायला किलोमीटरची मर्यादा देते (गाडीप्रमाणे साधारण 60,000 पासून 1,50,000 पर्यंत काहीही असू शकते) आणि सोबत वर्षांचीही देते, दोन्हीपैकी जे आधी येईल ते. किलोमीटर कमी म्हणून कुणी बेल्टकडे बघितलंच नाही, वर्षं मात्र केव्हाच उलटून गेली होती. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला धडकतात, व्हॉल्व्ह वाकतात, मग हेड उतरवा आणि पुढचं सगळं. दादाचा चेहरा त्या दिवशी बघवत नव्हता, कारण साठवलेले होते नव्हते ते सगळे पैसे त्याने गाडीतच घातले होते.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की गाडी उभी राहूनही म्हातारी होते. सस्पेन्शनचे रबरी बुश कडक होऊन चिरतात, कूलंटचे होज पाइप फुगतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, ऑइल सील सुकतात, टायर वरून नवे दिसले तरी आतून कडक झालेले असतात. टायरचं वय मात्र लपत नाही, बाजूला डीओटी (DOT) असं लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, 3211 असेल तर 2011 सालचा 32वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीवर कंपनीतून आलेलेच टायर असले तर मालक कौतुकाने सांगतो, "टायर पण ओरिजिनल आहेत." बारा वर्षांचे टायर ही कौतुकाची गोष्ट नाहीये, ते पहिल्याच दिवशी बदलायचे आहेत आणि तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा.

आणि मीटर खोटंही असू शकतं हा वेगळा मुद्दा. डिजिटल झालं म्हणून फिरवता येत नाही हा समज सोडून द्या. मी तरी आता मीटरच्या आधी ब्रेक पेडलचं रबर बघतो, स्टीअरिंग हाताने घासून गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलीये का. 38,000 चाललेल्या गाडीचं पेडल झिजून सपाट झालं असेल तर दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय, आणि पेडलला खोटं बोलता येत नाही.

शेवटी आमच्यासमोर दोन गाड्या उरल्या. एक बारा वर्षांची, 38,000, चंदेरी रंग, आरशासारखी चमक. दुसरी तेरा वर्षांची, 1,42,000, बंपरवर ओरखडे, पण मालकाकडे एक जाड फाइल. त्या काकांनी प्रत्येक बिल जपून ठेवलं होतं, ऑइल कधी बदललं, क्लच प्लेट कधी टाकली, रेडिएटर कधी, टायमिंग बेल्ट एकदा बदललाय आणि पुढचा आता आलाय हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. पहिल्या गाडीच्या मालकाला मी एवढंच विचारलं की शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललं, तर म्हणाले, "अहो गाडी चाललीच नाहीये, बदलायचं कशाला." त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं, पण बारा वर्षं ती गाडी कशी वागवली गेली ते त्या एका उत्तरात कळलं.

दोन्ही गाड्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवल्या. हे सगळ्यात कळकळीने सांगतो, मालक ज्या गॅरेजला म्हणेल तिथे नाही, आपल्या माणसाकडे, आणि टोकन द्यायच्या आधी. मालक नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा, विचारसुद्धा करू नका. आणि सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवून बघा गार आहे का. गार इंजिन चालू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही, बेल्टऐवजी चेन असेल तर तिचा खडखडाट, अडखळणं, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. सकाळी थोडी वाफ दिसते त्याला घाबरू नका, ती जाते.

आमच्या मेकॅनिकने गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तेव्हा एक गोष्ट नव्याने कळली. चंदेरी गाडीत एकही एरर कोड नव्हता, मी खूश झालो, पण तो म्हणाला थांबा, गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या चालता चालता करते त्यातल्या बऱ्याच अपूर्ण दिसतायत, म्हणजे हल्लीच कुणीतरी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. बॅटरी नवी टाकली असेल तरी असं दिसतं, त्यामुळे एवढ्यावरून आरोप करता येत नाही, पण मग थोडी चालवून परत तपासायची, 'कोड नाहीत' म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. तिच्या मागच्या दाराखाली रंगाची जाडी मोजली तर बाकी गाडीच्या तिप्पट निघाली (कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो), म्हणजे खाली पुटी भरलीये, आणि लिफ्टवर खालून बघितल्यावर तिथेच पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले. दाराच्या खालची ती पट्टी म्हणजे गाडीचा सांगाडा आहे हो, बाजूने धक्का बसला तर तीच भार घेते. बंपरचा ओरखडा दिसतो म्हणून आपण किंमत पाडतो आणि हे रंगाखाली असतं म्हणून कुणी बोलतच नाही.

आता खरा प्रश्न. बायकोने पहिल्या दिवशी एकच विचारलं होतं, "धडकली तर?" मुलगी चार वर्षांची आहे, मागच्या सीटवर ती बसणार. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि 'नीट चालवीन' हे काही उत्तर होत नाही, त्यामुळे पुढचे दोन आठवडे मी फक्त यावरच घालवले.

जुन्या गाडीच्या बाजूने बोलणारे हे कधी सांगत नाहीत. गाडी घसरताना आपोआप सावरणारं ईएससी अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना 2014 पासून, त्याआधीच्या गाडीत ते असेल किंवा नसेल, एकाच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये असतं आणि खालच्यात नसतं, हे त्या विशिष्ट गाडीत बघावं लागतं. धडक चाचणीत पाच स्टार होते असं कुणी सांगितलं तर कोणत्या सालचे ते विचारा, चाचण्या वर्षागणिक कडक होत गेल्यात, तेव्हाचे पाच आणि आजचे पाच एक नाहीत. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तेही वाईट, सतत पेटून राहणारा दिवा लपवायला कुणी त्याची जोडणीच काढलेली असू शकते.

आणि टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण. त्यांच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणारा धातूचा डबा) अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन बिघडत जातं आणि एअरबॅग उघडताना धातूचा डबाच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येतात, लोक गेलेत यात. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, एका कंपनीच्या नाहीत, कितीतरी कंपन्यांच्या, आणि नेमक्या त्याच वयाच्या ज्या आज आपल्याला स्वस्तात मिळतात. गाडीचा 17 अक्षरी व्हीआयएन (गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक) घेऊन कंपनीकडे विचारा की रिकॉल बाकी आहे का. अशा रिकॉलचं काम कंपनी फुकट करून देते, तरी हात बदलत गेलेल्या गाडीत ते राहून जातं, कारण पत्र बऱ्याचदा जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं. फाइलवाल्या काकांच्या गाडीत हे काम झाल्याचा कागद होता. मी तरीही नंबर देऊन खात्री केली.

पैशांचं एकच सांगतो. जेवढे हातात आहेत त्यातले चारपैकी तीन भागच गाडीवर घाला, चौथा भाग पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवा आणि तो आधीच खर्च झालाय असं समजा. चौथा भाग उरत नसेल तर ती गाडी आपल्या बजेटच्या बाहेर आहे, किंमत कितीही कमी दिसू दे. आणि घरात एकच गाडी आहे, पहाटेची ड्युटी आहे, गाडी चालू झाली नाही तर पगार कापला जातो, अशा माणसाला मी जुनी गाडी घे असं कधीच म्हणणार नाही. ज्याला दोन दिवस गाडीशिवाय काढता येतात त्यानेच या वाटेला जावं. हे गरिबाला नवी घे सांगण्यासारखं ऐकू येतं हे मला कळतं आणि त्याचं वाईटही वाटतं, पण बंद पडलेल्या गाडीचा सगळ्यात मोठा फटका त्यालाच बसतो, हे दादाच्या घरात बघितलंय.

आम्ही फाइलवाली घेतली. टायमिंग बेल्ट, त्याच्यासोबत वॉटर पंप (तिथपर्यंत उघडतातच, मजुरी एकदाच पडते), ब्रेक ऑइल, कूलंट आणि चारही टायर, असं सगळं गाडी घरी आणायच्या आधीच करून घेतलं. चौथा भाग जवळजवळ संपला, पण कशात संपला ते माहितीये. मग मुलीची सीट आयसोफिक्सच्या (लहान मुलांची सीट बसवायला गाडीतच असलेल्या) हुकात अडकवली, दोन्ही बाजूंनी टक् आवाज आला. बायकोला तेवढ्याने पटेना, ती स्वतः मागे जाऊन बसली, दोन्ही हातांनी सीट जोरजोरात हलवून बघितली, आणि म्हणाली, "हलत नाहीये. चल, एक चक्कर मारून येऊ."