'पाच मिनिटांत हिवाळी नखं' म्हणे!

आज परत तोच व्हिडिओ समोर आला. गडद निळं नेलपेंट, त्यावर पांढरी हिमफुलं, चकचकीत टॉप कोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) आणि खाली ठळक अक्षरांत 'फक्त पाच मिनिटांत'. अहो, पाच मिनिटांत पहिला थरसुद्धा धड वाळत नाही! मधलं सगळं थांबणं कापून टाकायचं आणि मग पोरींनी कमेंटमध्ये विचारत बसायचं, 'ताई, माझंच का पसरतंय?'

पसरतंय कारण खालचं ओलं आहे. नेलपेंट वाळतं म्हणजे त्यातलं द्रावक उडून जातं. जाड थर दिला की वर साय धरते, आत ओलंच राहतं. मग बुडबुडे येतात आणि रात्री चादरीच्या वळ्या उमटतात. बाटलीतलं नेलपेंट घट्ट झालं असेल तर नेलपेंटचा थिनर दोन-तीन थेंब घाला. रिमूव्हर ओतू नका, सगळी बाटली वाया जाते.

सुरुवात कोरड्या नखाने करा. पाण्यात भिजलेलं नख फुगतं, नंतर आकसतं आणि वरचा थर सुटतो. क्रीमचा अंश रिमूव्हरने पुसा. मग बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर, त्यावर रंगाचे दोन पातळ थर, मध्ये दोन-तीन मिनिटं. नखाच्या टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवा, टवके तिथूनच उडायला लागतात. डिझाइनला हात लावण्याआधी किमान पंधरा मिनिटं थांबा.

आता ती हिमफुलं. व्हिडिओतल्या बाईंनी पांढऱ्या नेलपेंटनेच रेघा ओढल्यात. त्यातलं द्रावक खालचा निळा विरघळवतं, म्हणून पांढरं मळकट दिसतं. त्यापेक्षा पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग आणि बारीक लांब केसांचा ब्रश घ्या. मध्यावर छेदणाऱ्या तीन रेघा, म्हणजे सहा टोकं, आणि प्रत्येक टोकाजवळ छोटा 'व्ही'. चुकलं तर ओल्या ब्रशने पुसा, खालचा रंग हलत नाही. टॉप कोटचा टपोरा थेंब घेऊन तो नखावर सरकवायचा, ब्रश दाबायचा नाही, नाहीतर डिझाइन पसरतं. बाईंनी खसाखसा घासलाय आणि पुढच्याच क्षणी कॅमेरा दुसऱ्या हातावर! का, ते कळलंच असेल.

पावसाळ्यासाठी तर याहून सोपं. मॅट टॉप कोट पूर्ण वाळू द्या, मग टूथपिकने चकचकीत टॉप कोटचे लहानमोठे थेंब ठेवा. हुबेहूब पावसाचे थेंब.

स्टिकरने काम पटकन होतं, मान्य. जेल नेलपेंट यूव्ही दिव्याखाली मिनिटभरात पक्कं होतं, तेही मान्य. पण कच्चं जेल कातडीला लागू देणं हा खेळ नाही! त्यातल्या अ‍ॅक्रिलेट या रसायनांची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही. कडेला एक मिलिमीटर जागा सोडा, सांडलं तर दिवा लावण्याआधी पुसा आणि दिवा त्याच जेलच्या कंपनीने सांगितलेलाच वापरा. हे सांगायला व्हिडिओत पाच सेकंद नव्हती?

असो. नवीन असाल तर दहाही नखांवर हिमफुलं काढू नका गं, अनामिकेवर एकेक पुरे. उजव्या हातावर काढताना ब्रश स्थिर धरा आणि बोट फिरवा, थरथर कमी होते. चकाकी (ग्लिटर) लावली असेल तर काढताना खरवडू नका, नखाचा पापुद्रा निघतो. रिमूव्हरचा कापूस नखावर ठेवा, वर फॉइल गुंडाळा, दहा मिनिटं. हो, इथेही थांबायचंच!