एआय कंपनीनं घेतलं, पण रुळवलं कुणी?

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक प्रेझेंटेशन झालं. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायला एआय आणल्यापासून काम किती भराभर होतंय, हे सांगणारं. आलेख दाखवले, टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेत आमच्या ताईंच्या शेजारी बसले होते. तक्रार विभागात त्यांची बारा वर्षं झाली. पडद्यावर जे दिसत होतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांनी बसवलेलं होतं. त्यांचं नाव एकदाही आलं नाही. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

ताईंनी काय केलं ते नीट सांगते. ‘आम्ही एआय वापरायला लागलो’ एवढं म्हटलं की त्यामागचं काम कुणाला दिसत नाही.

सुरुवातीला ते टूल सरसकट सगळ्या तक्रारींची उत्तरं लिहून द्यायचं. भाषा गोड, व्याकरण चोख. दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या दिवशी ताईंनी एक उत्तर जाता जाता थांबवलं. पैसे परत मिळायची जी मुदत त्यात लिहिली होती, ती आमच्या नियमांत कुठेच नव्हती. टूलनं ठोकून दिली होती. हे एआय आधीच्या शब्दांवरून पुढचा जुळेलसा शब्द मांडत जातं, त्यामुळे खरी माहिती आणि रचलेली माहिती दोन्ही सारख्याच ठाम सुरात येतात. ताईंनी याचा कुठला कोर्स केला नव्हता. बारा वर्षं फोनवर लोकांना तीच मुदत सांगितल्यामुळे चुकीचा आकडा त्यांच्या डोळ्यांना खुपला.

मग त्यांनी तक्रारींची वाटणी केली. पत्ता बदलायचाय, पावती हवीय, वस्तू कुठवर आली, याचे मसुदे टूलनं करावेत. पैशांचा वाद, कुणाला झालेली इजा, घरातलं माणूस गेलंय आणि त्याचं खातं बंद करायचंय, अशा पत्रांना टूलनं हात लावायचा नाही. नियमांच्या फायलीतली एकमेकांना छेद देणारी जुनी परिपत्रकं त्यांनी बाजूला काढली आणि टूलला एकच स्वच्छ प्रत दिली. मसुदा तपासताना काय काय बघायचं, याची पानभर यादी केली. पुढचे दोन महिने, ज्यांना हे जमत नव्हतं त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. हे सगळं रोजच्या फोनांचा कोटा पूर्ण करून. कोटा एकानंही कमी झाला नव्हता.

माझ्या मते एआय कामात आणणं म्हणजे हे. लायसन्स विकत घेणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

आता ते नेहमीचं वाक्य: बायका एआयमध्ये मागे आहेत. आकडे तसे आहेत, मी नाकारत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रेम्ब्रांड कोनिंग आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये 18 अभ्यास एकत्र करून पाहिले, 1,40,000 हून अधिक लोकांचे. स्त्रियांमधला वापर पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे पाव हिश्शानं कमी निघाला. यावरून लोक लगेच ठरवतात की बायका घाबरतात, त्यांना आणखी ट्रेनिंग द्या.

त्यांनी 2025 मधला दुसरा एक प्रयोगही वाचावा. एका टेक कंपनीतल्या 1,026 इंजिनिअरांना कोडचा एक तुकडा तपासायला दिला. कोड सगळ्यांना तोच. फक्त तो कुणी लिहिला आणि एआयची मदत घेतली का, एवढंच बदलून सांगितलं. एआयची मदत घेतली असं कळल्यावर लिहिणाऱ्याच्या क्षमतेला सरासरी 9 टक्के कमी गुण मिळाले. लिहिणारा पुरुष असेल तर घट 6 टक्के, स्त्री असेल तर 13 टक्के. कामात काडीचा फरक नाही, तरी दुपटीहून जास्त दंड.

हे वाचून मला फार बरं वाटलं आणि फार रागही आला. बरं अशासाठी, की माझ्या कितीतरी मैत्रिणी एआय वापरतात आणि कुणाला सांगत नाहीत, त्याचं कारण कळलं. स्वतःला आधीच दुप्पट सिद्ध करावं लागणारी बाई ‘हे मशीननं लिहिलं’ असं शंभरदा विचार करूनच म्हणेल. याला भीती म्हणणं अन्याय आहे. तिनं परिस्थितीचा बरोबर हिशोब केलेला असतो. ट्रेनिंग द्यायचंच असेल तर गुण देणाऱ्यांना आधी द्या.

शिवाय या बदलाचा पहिला धक्का कुणाला बसणार, हेही पाहा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार, ज्या नोकऱ्यांतली कामं जनरेटिव्ह एआयमुळे (मजकूर, चित्रं वगैरे स्वतः तयार करणाऱ्या एआयमुळे) आपोआप होण्याचा धोका सर्वाधिक आहे, त्या श्रीमंत देशांत स्त्रियांच्या एकूण रोजगाराच्या 9.6 टक्के आहेत. पुरुषांच्या 3.5 टक्के. कारण साधं आहे: पत्रव्यवहार, नोंदी, वेळापत्रकं, फायली ही टेबलावरची कामं बहुतांशी बायका करतात. त्या कामात कुठे घोळ होतो आणि कुठली चूक महागात पडते हे त्यांनाच माहीत असतं, मग निर्णयाच्या बैठकीत त्या का नसतात?

ही गोष्ट जुनी आहे. 1946 च्या फेब्रुवारीत एनिअ‍ॅक हा अवाढव्य कॉम्प्युटर जगाला दाखवला गेला. त्याचं प्रोग्रामिंग सहा बायकांनी केलं होतं. प्रोग्रामिंगच्या भाषेची सोय नव्हती, पुस्तकं नव्हती; आराखडे वाचून, तारा आणि स्विच जुळवून त्यांनी ते मशीन चालतं केलं. प्रात्यक्षिक यशस्वी झालं, आणि त्या रात्रीच्या जेवणाला त्यांना बोलावलंच नाही. त्यांची नावं लोकांपर्यंत पोचायला काही दशकं लागली. ताईंच्या शेजारी बसले असताना मला तेच जेवण आठवत होतं.

अमेरिकन नौदलातली गणितज्ञ ग्रेस हॉपर, तिचंही तसंच. तिनं 1952 मध्ये कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेल्या सूचना मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, तयार केला, तेव्हा कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो असं तिला ऐकवलं गेलं. तिचा आग्रह होता की हिशोब आणि व्यवहार पाहणाऱ्या माणसाला मशीनला साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. पुढे कोबोल ही व्यवहाराच्या कामांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा त्याच विचारातून आली. आज आपण एआयला वाक्यात सांगतो आणि ते काम करतं, तेव्हा मला तिची आठवण येते.

म्हणून ‘महिलांनी पुढाकार घ्यावा’ अशी पोस्टरं पाहिली की मी विचारते, पुढाकार म्हणजे नक्की काय? बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘एआय चॅम्पियन’ असा बिल्ला आणि सगळ्यांना शिकवण्याचं बिनपगारी काम एवढाच असतो. वाढदिवसाचं कार्ड फिरवणं, मीटिंगचं टिपण काढणं, नव्या मुलीला सांभाळून घेणं, यात आणखी एक भर. मला हे मान्य नाही. शिकवायला कामाच्या वेळेतले तास द्या, ते मूल्यमापनात मोजा, केलेल्या कामावर नाव लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा, नकाराचा अधिकार. एआयमधल्या भेदभावावर काम करणाऱ्या संशोधक जॉय बुओलाम्विनीला चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर वापरताना दिसलं की पांढरा मुखवटा घातल्याशिवाय ते तिचा चेहरा पकडतच नाही. त्यातून तिनं टिमनिट गेब्रू या दुसऱ्या संशोधक बाईबरोबर बाजारातल्या अशा सॉफ्टवेअरांचा अभ्यास केला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्री की पुरुष हे ओळखताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. तोवर ही सॉफ्टवेअरं बाजारात विकली जात होती. ज्याच्यावर चूक कोसळते, त्यालाच ती आधी दिसते. ताईंना ती मुदत दिसली तशीच. पण टूल थांबवण्याचा अधिकार ताईंना कागदोपत्री आजही नाही. त्या दिवशी त्यांनी ते उत्तर स्वतःच्या जोखमीवर अडवलं होतं.

सोमवारी विभागप्रमुखांशी माझी बैठक आहे. ताईंनी केलेली पानभर यादी मी तारखेसह छापून घेतली आहे. काल त्यांना विचारलं, “यावर तुमचं नाव घालू ना?”

“घाल,” त्या म्हणाल्या. “आणि टूल बंद करायचं बटण कुणाच्या हातात असणार, ते लिहून माग.”