‘18 वर्षांपर्यंत वजन उचलू नका’ : या सल्ल्यात वाया जातात ती हाडांची सर्वांत मोलाची वर्षं

पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये पुन्हा पुन्हा फिरणारा संदेश साधारण असा असतो: ‘18 पूर्ण होईपर्यंत मुलांना जिमला पाठवू नका. कोवळ्या हाडांवर वजन पडलं की वाढीच्या पट्ट्या दबतात, उंची खुंटते. तोवर पोहणं आणि सायकल पुरे. हाडांसाठी रोज दूध द्या.’ पाठवणाऱ्याची काळजी खरी आहे. सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि त्याने नुकसान होतं.

‘वजनाने उंची खुंटते.’ लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. तिला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथून हाड लांब होतं, आणि पौगंडावस्थेच्या शेवटी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाने ती पट्टी हाडात रूपांतरित होते, मुलग्यांमध्येही. डंबेलने ती वेळेआधी बंद होत नाही. जरा हिशेब करा. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल परत येतं, उडी मारून उतरताना त्याहूनही जास्त. 45 किलोच्या मुलाने खो-खोत झेप घेतली की पायांवर सहज शे-दीडशे किलोंचा भार क्षणभर येतो. त्याला आपण खेळ म्हणतो, आणि हातात 5 किलोचं डंबेल दिसलं की घाबरतो. तालमीत शंभर दंड-बैठका मारणारा मुलगाही स्नायूंवर भार घेऊनच व्यायाम करत असतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2020 च्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या वजनाच्या व्यायामाने वाढीवर वाईट परिणाम होत नाही. जिम्नॅस्ट आणि वेटलिफ्टर बुटके दिसतात, कारण त्या खेळांत बुटक्या बांध्याला फायदा असतो आणि तशीच मुलं त्यात टिकतात.

वाढीच्या पट्टीला इजा होतच नाही, असं मात्र नाही. ती हाडापेक्षा नाजूक असते. इजा बहुतेकदा होते ती एकट्याने जमेल तितकं जास्त वजन उचलून पाहताना, पाठ वाकवून झटका देताना, किंवा घरातली वजनं अंगावर पडून. तेव्हा बंदी घालायची ती या गोष्टींवर.

‘हाडं कोवळी आहेत, थांबा.’ इथे संदेश सर्वांत जास्त चुकतो. उंची वाढण्याचा वेग मुलींमध्ये साधारण 12 व्या आणि मुलांमध्ये 14 व्या वर्षाच्या आसपास शिखरावर असतो. हाडात खनिज भरण्याचा वेग त्यानंतर काही महिन्यांनी शिखर गाठतो. त्या शिखराच्या आसपासच्या दोन वर्षांत प्रौढ वयातल्या एकूण हाड-खनिजाचा सुमारे चतुर्थांश भाग जमा होतो. म्हणजे 18 ची वाट पाहणाऱ्या मुलीचा हा काळ केव्हाच निघून गेलेला असतो. फिनलंडमधल्या टेनिस-स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासात पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्यांच्या रॅकेटच्या आणि दुसऱ्या हातातल्या हाडांचा फरक, फार उशिरा सुरू केलेल्यांच्या दुप्पट ते चौपट होता.

हाड आधी लांब होतं आणि खनिज मागून भरतं, म्हणून उंची झपाट्याने वाढत असताना मनगटाची मोडतोड जास्त दिसते. त्या महिन्यांत कमाल वजन उचलू नये, हे बरोबर. व्यायामच थांबवणं मात्र उलटं आहे.

‘पोहणं आणि सायकल पुरे.’ हृदयासाठी दोन्ही उत्तम. पण पाण्यात शरीर तरंगतं आणि सायकलवर आपण बसलेले असतो, त्यामुळे हाडाला धक्का मिळत नाही. फक्त पोहणाऱ्या मुलांची हाडं सहसा न खेळणाऱ्यांपेक्षा फारशी घट्ट निघत नाहीत. हाडातल्या पेशींना थोडे, जोराचे आणि वेगवेगळ्या दिशांचे धक्के लागतात, आणि मध्ये विश्रांती. त्याच त्या भाराची सलग शेकडो आवर्तनं झाली की त्या प्रतिसाद देईनाशा होतात. म्हणून कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल, मल्लखांब हाडांसाठी चांगले. कॅनडात शाळेची घंटा वाजली की मुलांना 10 उड्या मारायला लावल्या, दिवसातून तीन वेळा. 8 महिन्यांत नितंबाच्या सांध्याजवळच्या हाडात मोजता येईल इतकी भर पडली. खर्च शून्य.

सुरुवात अशी करा. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. पहिले काही आठवडे बिनवजनाच्या बैठका, दंड, पाठीचे व्यायाम. उडीनंतर चवड्यांवर उतरून टाच टेकवायची, गुडघे वाकलेले आणि पंज्यांच्या सरळ रेषेत. गुडघे आत झुकत असतील तर उडीची उंची कमी करा. मग हलकं वजन, 10 ते 15 आवर्तनांचे एक-दोन संच. 15 सहज जमली की वजन 5 ते 10 टक्क्यांनी वाढवा. शेवटच्या आवर्तनातही ढब बिघडता कामा नये.

‘दूध द्या.’ द्या, पण हिशेबाने. भारतीय शिफारशीनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 200 मिलीचे दोन पेले दूध सुमारे 480 देतात. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकऱ्या 350 च्या आसपास, मोठा चमचाभर न सोललेले तीळ शंभरेक. नुसत्या कॅल्शियमने हाड फारसं बळावत नाही, भारही हवा. आणि पोटभर जेवणही. वजन कमी ठेवण्यासाठी उपाशी खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, किंवा 15 व्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे न्या. तिथे ‘खेळाडूंचं असंच होतं’ हे उत्तर स्वीकारू नका. त्या काळात हाड झिजत असतं.

तरुण वेगवान गोलंदाजाची कंबर मागे वाकताना एका बाजूला दुखत राहिली, नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखली, रात्री दुखण्याने जाग आली, तर खेळ थांबवून तपासणी करा. पडल्यावर हाडाच्या टोकाशी सूज आणि दाबल्यावर दुखणं असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी वाढीच्या पट्टीला मार लागलेला असू शकतो. तो भाग आधार बांधून स्थिर ठेवा आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा दाखवा.