रेघा दिसेनाशा झाल्या की

सोल्युबिलिटी टेस्ट अगदी साधी. ट्यूबमध्ये द्रावण घ्यायचं, त्यात थोडं रक्त घालायचं, जरा थांबायचं आणि ट्यूब रेघांच्या कागदापुढे धरायची. पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा गायब झाल्या, तर रक्तात सिकल आहे, म्हणजे तांबड्या पेशींना विळ्यासारखा आकार देणारं, आई-बापाकडून येणारं हिमोग्लोबिन. वाहक, म्हणजे आई-बापापैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेला, की रुग्ण, म्हणजे दोघांकडूनही आलेला, ते पुढच्या तपासणीत कळतं. मी हे नागपुरात शिकले. आता अकरा वर्षं सौदीत दम्मामला आहे. इथे मशीन आहे, कागदावर हिमोग्लोबिनच्या प्रकारांचे डोंगर उमटतात, नेहमीच्या ए चा, बाळपणीच्या एफ चा, सिकलच्या एस चा. एस चा डोंगर दिसला की मला ब्रह्मपुरीच आठवते.

हे नुसतं घरची आठवण येणं नाही. सौदीच्या पूर्व भागात, अल-अहसा आणि कतीफच्या खजुरीच्या बागांमध्ये, जो सिकलचा जनुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याच्या आजूबाजूची जनुकीय खूण आपल्या मध्य भारतातल्या सिकलशी जुळते. 1980 च्या दशकात हे सिद्ध झालं आणि त्या खुणेला नावच पडलं, अरब-इंडियन हॅप्लोटाइप. आफ्रिकेतल्या सिकलहून ही वेगळी. दोन्हीकडे मलेरियाने हा जनुक टिकवला, कारण वाहकाला मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही. अल-अहसाच्या पाटाच्या पाण्यावर डास, आमच्याकडे धानाच्या बांध्यांत डास. अरबीत या आजाराच्या नावात ‘मिनजल’ येतो. मिनजल म्हणजे विळा.

नातं इतकं जवळचं, तरी दुखणं सारखं नाही. या प्रकारात बाळपणाचं हिमोग्लोबिन, म्हणजे एफ, मोठेपणीही बरंच शिल्लक राहतं, म्हणून अल-अहसाच्या मुलांचा आजार बराच काळ सौम्य मानला गेला. नागपूरच्या मुलांचा मात्र तीच खूण असूनही जास्त तीव्र निघाला. का, ते एका ओळीत सांगता येणार नाही, पण इथल्या सौम्यपणावर विसंबून तिकडे औषधात हयगय करू नये, एवढं नक्की.

आता भाऊजींकडे वळते. 1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली: 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत आजार संपवायचा, निकालाचं कार्ड हातात द्यायचं आणि लग्नाआधी कार्डं जुळवायची. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर वाद सुरू आहे. भाऊजींचं म्हणणं, “सौदीसारखा कायदाच पाहिजे. रिपोर्ट जुळला नाही तर लग्नच नको लावू देऊ. त्याशिवाय आपले लोक सुधरत नाहीत.” माझा मामेभाऊ म्हणतो, सरकारने आमच्या लग्नात नाक खुपसू नये.

गंमत अशी की भाऊजींच्या मनातला कायदा सौदीत नाहीच. इथे 2004 पासून लग्नाआधी तपासणी सक्तीची आहे, सिकल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या दोन्ही आनुवंशिक आजारांची. प्रमाणपत्राशिवाय मअज़ून, म्हणजे लग्न नोंदवणारा, करार लिहीत नाही. पण दोघंही वाहक निघाले तरी लग्नाला बंदी नाही. समजावतात, दर गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक आहे हे सांगतात, आणि निर्णय त्यांच्यावर सोडतात. पहिल्या वर्षी अशा जोडप्यांपैकी जेमतेम 9 टक्क्यांनी लग्न मोडलं. साहजिक आहे. हॉल ठरलेला, मेहर ठरलेला, दोन्हीकडच्या आत्या-मावश्या खरेदीला निघालेल्या, आणि तेव्हा हातात रिपोर्ट. 2009 पर्यंत हेच प्रमाण 50 टक्क्यांच्या वर गेलं. कायद्याचा मजकूर तोच होता. सहा वर्षांत 15 लाखांहून जास्त लोकांच्या तपासण्या झाल्या आणि समजावणारी माणसं बसवली गेली, तेव्हा हा विषय घराघरात बोलला जाऊ लागला.

बहरीन तर समुद्रावरचा पूल ओलांडला की आलं. त्यांनी 1998 पासून अकरावीच्या मुलामुलींची तपासणी सुरू केली. लग्नाचं नावही नाही, तेव्हाच आपलं रक्त आपल्याला ठाऊक. तिथे सिकलचा आजार घेऊन जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण 1980 च्या दशकात 2 टक्क्यांच्या वर होतं, 2002 मध्ये ते 1 टक्क्याच्या खाली आलं होतं. लग्नाआधीच्या सक्तीचा कायदा आला 2004 मध्ये. भाऊजींना मी ही सनावळी दोनदा पाठवली, दोन्ही वेळा अंगठा आला.

ग्रुपवर आणखी एक सूर असतो: “त्यांच्यात चुलत भावंडांत लग्नं होतात, म्हणून हे सगळं.” होतात, सौदीत निम्म्याहून जास्त लग्नं नात्यात होतात. पण लिहिणाऱ्यांनी घरातल्या जुन्या पत्रिका काढून पाहाव्यात. मामाच्या मुलीवर पहिला हक्क आतेभावाचा, हे आमच्या आजीचं वाक्य. आणि नातं दूरचं असलं तरी जात तीच, गावं तीच दहा-पंधरा. सिकलला तेवढं पुरतं.

इथल्या व्यवस्थेचं मला फार कौतुक आहे असंही समजू नका. आम्ही परदेशी इथे येतो तेव्हा आमचीही तपासणी होते: एचआयव्ही, कावीळ, छातीचा एक्स-रे. त्यात काही निघालं तर समजावायला कोणी बसत नाही, ‘अनफिट’ लिहितात आणि माणूस परत. नागरिकाच्या रक्ताला समुपदेशन, मजुराच्या रक्ताला शिक्का. कायदा हवा म्हणणाऱ्यांना मी हेच विचारते, की आपल्याकडे गावात कार्ड हातात येईल तेव्हा ते यातलं काय असेल? समुपदेशक नावालाच, सिकलचा त्रास कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या कधी आहेत कधी नाहीत, आणि कार्ड मात्र ठसठशीत.

ते कोणाचं आधी पाहिलं जातं, तेही सांगते. माझी भाची वाहक आहे. तिला काही त्रास नाही, सहसा होणारही नाही. यंदा एक स्थळ आलं, मुलाकडच्यांनी चहाआधी कार्ड मागितलं. तिने दाखवलं. मुलाचं मागितल्यावर त्याची आई म्हणाली, “आमच्याकडे कोणाले काही नाही.” वाहकाला सहसा काहीच होत नसतं, म्हणूनच तर कोणाला काही नसतं! ताईला हे फोनवर समजावून सांगता सांगता माझी इकडची ड्यूटी सुरू झाली.

भाचीने नंतर मुलाला स्वतःच मेसेज केला, तालुक्याच्या दवाखान्यात ट्यूब फुकट लागते, जाऊन ये. निळ्या खुणा उमटल्या आहेत. उत्तर अजून नाही.