विमानात आईची मांडी सर्वात सुरक्षित? नाही हो

परवापासून एक मेसेज चार जणांकडून आलाय. म्हणणं असं की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला विमानात वेगळी सीट घेणं म्हणजे पैसे पाण्यात, आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा नाही, आपला बेल्ट बाळाच्या वरून लावायचा, आधी झोपेचं सिरप द्यायचं, कानात कापूस घालायचा, आणि धोका असता तर एअरलाइनने मांडीवर घेऊच दिलं नसतं.

मांडीचं आधी बोलते. दहा किलोचं बाळ आपण कडेवर घेऊन घरभर फिरतो त्यामुळे वाटतं धरू की घट्ट, पण विमानाच्या नव्या सीट १६ जीच्या, म्हणजे वजनाच्या सोळापट जोराच्या, झटक्याला टिकतात का ते तपासतात, आणि तेवढ्या झटक्यात ते दहा किलोचं बाळ धरणं म्हणजे १६० किलो धरणं. हे कुणाच्याच हातांना जमत नाही, इथे मायेचा प्रश्नच नाहीये.

१९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेड एअरलाइन्सची फ्लाइट २३२ कोसळली. मागचं इंजिन फुटून हायड्रॉलिक्स, म्हणजे विमान वळवणारी यंत्रणा, गेली होती, मांडीवरची मुलं चार होती, आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे चीफ फ्लाइट अटेंडंट जॅन ब्राऊन यांनी आईवडिलांना सांगितलं की मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा. त्यातलं २२ महिन्यांचं एक मूल गेलं. त्याची आई बाळाला शोधायला परत जळत्या विमानाकडे निघाली होती, तिला ब्राऊन यांनीच अडवलं. पुढची कितीतरी वर्षं ब्राऊन एकच मागणी करत राहिल्या, बाळांना स्वतःची सीट आणि स्वतःचा बेल्ट द्या. मला हे वाचल्यापासून तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांचं गप्प बसून ऐकवत नाही.

आणि अपघात सोडा, टर्ब्युलन्स, म्हणजे हवेतले हादरे, तर न सांगता येतो. बाळ झोपलेलं, आपलीही डुलकी लागलेली, हात सैल पडलेला, आणि विमान एकदम खाली गेलं तर बेल्ट नसलेलं माणूस वर उडतं, बाळही.

बेल्ट बाळाच्या वरून तर अजिबात नको, कारण झटक्याला तुमचं अख्खं अंग पुढे येतं आणि मधे बाळ चिरडतं. तुमच्या बेल्टला जोडायचा छोटा लूप बेल्ट वेगळा, युरोपात तो लावावाच लागतो, अमेरिकेत टेकऑफ-लँडिंगला चालत नाही. क्रूने दिला तर लावा, पण त्याने बाळ उडणार नाही इतकंच, आदळल्यावर तो वाचवेल असं धरून चालू नका.

"एअरलाइन घेऊ देते ना" याचं उत्तर एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्थाच, देते. तीच म्हणते की बाळाची सुरक्षित जागा मान्यताप्राप्त कारसीटमध्ये (गाडीत बाळाला बांधून बसवायच्या सीटमध्ये) आहे, मांडीवर नाही. मग सक्ती का नाही? कारण जास्तीचं तिकीट परवडलं नाही तर लोक गाडीने जातील आणि रस्त्यावर धोका कितीतरी जास्त, हा त्यांचा हिशोब. तो चूक आहे असं मी म्हणत नाही, सीट परवडत नसेल तरी गाडीपेक्षा विमानच बरं. पण परवानगी मिळाली म्हणजे मांडी सुरक्षित ठरत नाही.

सिरपचं तर ऐकून अंगावर काटा येतो. झोप आणणारी सर्दीची औषधं दोनच्या आतल्या मुलांना स्वतःच्या मनाने द्यायची नसतात, श्वास मंदावू शकतो, आणि काही मुलं उलट जास्तच चिडचिडी होतात. कापूस निरुपयोगी, दाब कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूने जुळवावा लागतो. दडे सुटतात ते गिळल्याने, म्हणून विमान उतरायला लागलं की, साधारण शेवटचा अर्धा तास, अंगावर पाजा नाहीतर बाटली द्या.

सीट घेणार असाल तर कारसीटवर विमानात वापरायला चालते असं लिहिलंय का बघा, अमेरिकन सीटवर ते लाल अक्षरात असतं. रुंदी मोजून घ्या, खिडकीची जागा मागा. बूस्टर, म्हणजे मुलाला नुसतं उंच बसवणारी सीट, टेकऑफ-लँडिंगला चालत नाही. १० ते २० किलोच्या, नीट बसणाऱ्या मुलाला केअर्स नावाचा हार्नेस, म्हणजे खांद्यांवरून येणारा पट्टा, मिळतो, तो सीटच्या पाठीला अडकवतात. आणि तिकीट नाही काढलं तरी कारसीट लगेच सामानात देऊन टाकू नका, आधी गेटवर विचारा शेजारची सीट रिकामी आहे का, असली तर बरेचदा बसवू देतात.