काकू, सूर्य निसटला!

सहलीच्या धंद्यात दोन जमाती असतात. एक माइकवाले, दुसरे याद्यावाले. माइकवाला बसमध्ये पुढे उभा राहून काशीचा महिमा सांगतो, त्याला टाळ्या मिळतात, शेवटच्या रात्री शाल मिळते. याद्यावाल्याला रात्री अकराला फोन येतो की टॉवेल एकच ठेवलाय. मी याद्यावाला. लोअर बर्थ कुणाला, कमोड कुणाला, कांदा-लसूण कोण खात नाही, कोण इतकं घोरतं की पार्टनरने आधीच खासगीत हात जोडलेत, हे सगळं माझ्या वहीत. बिनसाखरेचे चहा अकरा, कमी साखरेचे सहा, आणि एक 'साखर घाला पण हिला सांगू नका'.

नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, खोल्या राहतात. म्हणून इथेही मी खोल्यांनीच सांगणार.

तर गेल्या डिसेंबरात अडतीस माणसं आणि एक आचारी घेऊन आम्ही काशीला निघालो. सीएसएमटीहून महानगरी मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे तिकिटावर बारा तारीख असली की अकराच्या रात्री जेवून स्टेशनवर यायचं. हे मी प्रत्येकाला तीन-तीनदा फोन करून सांगतो, आणि तरी दर टूरला एक जोडपं अकराच्या रात्री घरी गाढ झोपलेलं असतं. या वेळी ते डोंबिवलीचं होतं म्हणून निभावलं. कल्याणला गाडीत चढले तेव्हा काकूंच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या आणि काका म्हणत होते, "मी तुला म्हणत होतो." काय म्हणत होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. हे दोघं पुढे दोनशे तीनमध्ये राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, "तुझ्याकडे कॅमेरा आहे ना? पुढच्या वर्षीच्या ब्रोशरसाठी काशीचे फोटो काढून आण. शहर दिसलं पाहिजे. गर्दी नको." गर्दी नसलेली काशी! तुकडा न पडलेली खांडवी माग म्हणावं. पण मी 'हो' म्हणालो. याद्यांच्या बाहेरचं काम सात वर्षांत पहिल्यांदाच मिळत होतं.

आता यातली गोम अशी. काशीला गंगा उत्तरवाहिनी आहे आणि ऐंशीच्या वर घाट सगळे पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून बसलेत. समोरच्या तीरावर नुसती वाळू. म्हणजे सूर्य त्या वाळूवरून उगवतो आणि त्याचं पहिलं कोवळं ऊन थेट घाटांच्या दगडांवर पडतं. डिसेंबरात साधारण पावणेसात ते सव्वासात. तेवढाच अर्धा तास खरा. संध्याकाळी सूर्य घाटांच्या पाठीमागे जातो आणि सगळे वाडे-देवळं काळीठिक्कर. थोडक्यात, काशीचा फोटो पावणेसातला निघतो. आणि पावणेसातला बिनसाखरेचे अकरा.

पहिल्या दिवशी नौकाविहारच होता, म्हणून आशा होती. दोन नावा, एकोणीस-एकोणीस माणसं. डोकी मोजली, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले, 'हे मला घट्ट होतंय' आणि 'हे तिच्यापेक्षा जुनं का' हे दोन्ही खटले मिटवले. नाव मधोमध आली, सूर्य वर आला, आणि मी सूर्याकडे पाठ करून घाटांवर कॅमेरा रोखला. सगळा केशरी उजेड पायऱ्यांवर उतरत होता. एवढ्यात मागून आवाज आला, "अहो, तिकडे काय बघताय? सूर्य इकडे आहे!"

एकशे सातमधल्या काकूंना सूर्य चिमटीत धरायचा होता.

तुम्ही कुणाच्या चिमटीत सूर्य बसवलाय का कधी? नाव हलते, काकू हलतात, सूर्य वर सरकतो. "काकू, हात जरा खाली... अजून... सूर्य निसटला, काकू!" सहाव्या प्रयत्नात बसला. तोवर मागे रांग लागली होती. कुणाला तळहातावर हवा, कुणाला ओंजळीत, दोनशे अकरामधल्या काकांना टोपीवर. घाटांकडचा माझा अर्धा तास माझ्या पाठीमागे शांतपणे संपत होता. शेवटच्या मावशींची पाळी आली तेव्हा सूर्य इतका वर गेला होता की त्या हात उंच करून बल्ब बदलत असल्यासारख्या दिसतात.

दुपारी विश्वनाथाचं दर्शन. आत मोबाइल, कॅमेरा काही नेता येत नाही, त्यामुळे लॉकरच्या किल्ल्या आणि अडतीस जोड्या माझ्या स्वाधीन. अहिल्याबाईंनी १७८० साली बांधलेलं हे देऊळ मी बहुतेक वेळा चपलांच्या बाजूनेच पाहिलंय. मागच्या टूरला एकाने दुसऱ्याचे नवे बूट घालून पार गयेपर्यंत प्रवास केला होता, तेव्हापासून मी जोड्यांचा फोटो काढून ठेवतो. ब्रोशरसाठी नेलेल्या कॅमेऱ्यात काशीचं गर्दी नसलेलं पहिलं चित्र आलं ते हे. चपला ओळीत, खाली दगडी फरशी, बाजूने ऊन. खोटं कशाला बोलू, छान आलंय.

दुसऱ्या दिवशी सगळे उठायच्या आत सटकलो. साडेसहाला दशाश्वमेधावर पोचलो, लेन्सचं झाकण काढलं आणि फोन वाजला. एकशे बारा. "गरम पाणी येत नाहीये." मी विचारलं, दुसरा नळ सोडून पाहिलात का? "तो गारचा आहे, त्यावर निळा ठिपका आहे." गोदौलियापर्यंत धापा टाकत, तिथून ई-रिक्षा, मग एक मजला चढून मी निळा ठिपका फिरवला. वाफा आल्या. काकू म्हणाल्या, "आता आलाच आहात तर चहाचं बघता का?"

तिसरा दिवस परतीचा, आणि सकाळी दाट धुकं. कॅमेरा बॅगेत टाकून मी सामानाला चिठ्ठ्या चिकटवत होतो. तेवढ्यात दोनशे तीनच्या काकू धावत आल्या. "आमचे हे नाहीत खोलीत!"

डायबेटीसचा माणूस, काठी खोलीतच, फोन चार्जिंगला. आचाऱ्याला पोह्यांवर सोडून मी गल्ल्यांत घुसलो. काशीच्या गल्लीत माणूस शोधायचा म्हणजे आधी समोरून येणाऱ्या सांडाला वाट द्यायची, मग मोटारसायकलला, मग विचार करायचा. मी यादी आठवली. बिनसाखरेचे अकरा... काका त्यातलेच. मग सरळ गोडधोड मिळणारा चौखंबा मोहल्ला गाठला.

काका मलइयोच्या परातीसमोर उभे होते. मलइयो म्हणजे दुधाचा केशरी फेस. थंडीत रात्रभर दवात ठेवून सकाळी घुसळतात, कुल्हडात देतात, आणि ऊन चढलं की तो बसतो. जिभेवर ठेवला की आपण काही खाल्लं की नुसतं आठवलं असा प्रश्न पडतो. काकांच्या मिशीला फेस होता आणि पायाशी दोन रिकामे कुल्हड. मला बघून ते अजिबात दचकले नाहीत. तिसरा कुल्हड माझ्यापुढे करत म्हणाले, "घे. तू आता साक्षीदार नाहीस, भागीदार आहेस."

फोन आलाच. "सापडले का हो?" म्हटलं, "सापडले. दर्शन घेत होते."

परतताना काका म्हणाले, घाटावरून जाऊ, तोंड धुतो. खाली उतरलो तो शिंदे घाट. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधलेला, आणि आपल्याच वजनाने खचलेला. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वराचं देऊळ पाण्यात पाय सोडून कललेलं आहे, नऊ अंशांच्या आसपास. कुणी आईच्या नावाने ते बांधलं आणि ऋण फिटलं म्हणून मिरवलं, तत्क्षणी देऊळ कललं, असं नावाडी सांगतात. धुकं विरत होतं. देवळाच्या शिखरावर ऊन आलं, खाली पाणी राखाडी, एक नाव, पायऱ्यांवर चिटपाखरू नाही. काकांनी माझी बॅग धरली आणि चक्क गप्प राहिले. तीन फोटो घेतले. चौथ्याला फोन वाजला. पोहे संपले होते.

मुंबईला आल्यावर चारशे बारा फोटो साहेबांपुढे ठेवले. चिमटीतले सूर्य त्यांनी भराभर सरकवले, चपलांपाशी जरा थांबले, आणि रत्नेश्वराशी आल्यावर खुर्चीत पुढे सरकले. "हा! हाच कव्हरवर घ्यायचा." मला भरून आलं. मग त्यांनी मान तिरकी केली, डिझायनरला हाक मारली आणि म्हणाले, "फक्त वाकडा काढलाय रे याने. जरा सरळ करून घे."

मी तेव्हा बिलं लावत होतो. कळलं ते ब्रोशर छापून आल्यावर. कव्हरवर रत्नेश्वराचं देऊळ ओळंब्यात ताठ उभं आहे, आणि शिंदे घाट, पायऱ्या, नाव आणि अख्खी गंगा डावीकडे घरंगळत चालली आहे.

दोनशे तीनच्या काकांना एक प्रत पाठवली. त्यांचा फोन आला, "पुढच्या टूरला लाइफ जॅकेटं बसमध्येच वाटणार वाटतं?"