मारव्यात ‘टिंग’

आत्ताच गाण्याहून आलोय. चहा ठेवलाय, डोकं अजून तापलेलंच आहे, त्यामुळे जरा लांबेल. गायकाचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

साडेसहाची वेळ. पडदा वर गेला सात वाजता, मग सत्कार. मग गायक माइकसमोर बसले आणि आठशे रुपये मोजून आलेल्या आम्हा सगळ्यांसमोर सुरू झालं, "मॉनिटर वाढवा... तबला कमी... नाही नाही, माझा बेस काढा..." पंधरा मिनिटं! अहो, हे दुपारी करायचं असतं ना? पाहुणे पानावर बसल्यावर कोणी कणीक मळायला घेतं का?

अशा वेळी मला मिरजेचे ते बुवा आठवतात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या आठवणीत मिरजेच्या दर्ग्यात गाणं होतं ना, तिथे दर वर्षी हजेरी लावणारे. मी चौथीत होतो, सांगलीला आमच्या वाड्याच्या गणपतीत त्यांचं गाणं होतं. बुवा चारलाच आले आणि ओसरीवर बसून तासभर दोन तंबोरे लावत राहिले. तारांतले मणी कणभर इकडे, कणभर तिकडे, घोडीवर तारेखालचं सूत जरासं सरकवायचं, परत कान लावायचा. संध्याकाळी गायला बसल्यावर मला जवळ बोलावलं. "बाळ, पार मागं जाऊन बस. बंदिशीचे शब्द कळेनासे झाले की हात वर कर." मी जिन्यापाशी, चपलांच्या ढिगाशेजारी बसलो. दोनदा हात वर केला. पहिल्यांदा त्यांनी माइकवाल्याकडे बघितलं, दुसऱ्यांदा तबलजींकडे. बाकी कोणाला पत्ताही लागला नाही.

आज मारवा राग होता. मारवा सूर्य मावळतानाचा, त्यातली हुरहूर वगैरे दहा मिनिटं समजावून सांगितलं. पावणेआठ वाजता! मारव्यात पंचम, म्हणजे ‘प’, नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार निषादात (नी) किंवा धैवतात (ध) लावतात. मागे दोन शिष्या खरे तंबोरे घेऊन बसल्या होत्या, पण त्यांच्यापुढे माइकच नाही. ऐकू येत होता तो मोबाईलमधला तंबोरा. आणि त्यात ठणठणीत पंचम. गायक कोमल रिषभावर येऊन ठेपले, आणि स्पीकरमधून ‘टिंग’. व्हॉट्सॲप!!

एसीच्या गारव्यात तारा चढतात, म्हणून त्याच हॉलमध्ये आधी येऊन वाद्यं लावायची, हे गाणं न शिकलेल्या मलाही कळतं.

मान्य, सत्कारात वेळ आयोजकांनीच खाल्ला. आणि आपण श्रोतेही काही धुतल्या तांदळाचे नाही, माझ्या पुढचा गृहस्थ अख्खा विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, मोबाईलवर शूट करत होता. पण तबल्याशी ते सवाल-जवाब? एक तिहाई (तेच बोल तीनदा घेऊन समेवर येणं), टाळ्या, प्रेक्षकांकडे बघून हसू, परत तिहाई. द्रुत, म्हणजे जलद लयीतल्या, बंदिशीचा एक शब्द कळला असेल तर शपथ. चपलांच्या ढिगाशेजारच्या पोराला जे ऐकू यावं म्हणून बुवांची धडपड होती, ते इथे आठशे रुपयांच्या खुर्चीत येत नाही.

चहा झाला. जरा निवळलोय.

गळा वाईट नव्हता हो. तेच तर दुखतं. शेवटी अभंग घेतला तेव्हा डावीकडच्या शिष्येने हात लांबवून तो मोबाईल हळूच बंद केला. गायकांना कळलं की नाही देव जाणे. खरे तंबोरे तेव्हा पहिल्यांदा ऐकू आले, पुसटसे. तबलाही खाली आला. पाच-सात मिनिटं मी सगळं विसरलो होतो. त्या मुलीला भेटायला आत जाणार होतो, पण फोटोवाल्यांची गर्दी बघून परत फिरलो.

एक सांगायचं राहिलं. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होतो. द्रुत चालू असताना माझा हात खरंच वर गेला, नकळत. शेजारच्या काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाणी हवंय का?"